दत्तूमिस्त्रीच्या सहा गोळ्या

दत्तू गेल्याचं कळलं तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला उभा होतो. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हे करावंच लागतं. आपण अजून जिवंत आहोत हे मशिनवर अंगठा टेकवून पटवायचं. माझा अंगठा काही उमटत नव्हता. चौतीस वर्षं खडू धरून झिजलेली बोटं, दुसरं काय. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, आजोबा, जरा पुसून परत ठेवा, आणि खिशात फोन वाजत होता. दत्तूचा मुलगा प्रकाश होता. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी बरं म्हणालो. मग अंगठा शर्टाला पुसला, परत मशिनवर ठेवला, आणि तो उमटल्याशिवाय तिथून हललो नाही. माझा मलाच अजून राग येतो. अशी बातमी ऐकून माणूस धावत सुटतो म्हणतात. मी पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला आलो तेव्हा कुठं प्रकाशला परत फोन लावला.

दत्तात्रय सुतार. उचगावात घरामागच्या शेडमध्ये तो फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचा. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवतात आणि त्याचा ठसा वाळूत घेतात. त्या लाकडाला पॅटर्न म्हणायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड किंचित मोठं ठेवावं लागतं. ते किंचित म्हणजे किती, हे दत्तूच्या बोटांना ठाऊक होतं. माझी त्याची ओळखही मापातूनच झाली. मी हायस्कूलला गणित शिकवायचो. वर्गात दाखवायला एक शंकू आणि एक नळकांडं हवं होतं, म्हणून त्याच्या शेडवर गेलो. कशाला पाहिजे, म्हणून त्यानं विचारलं. सांगितलं की तळ आणि उंची सारखी असली तर तीन शंकू भरून वाळू ओतली की नळकांडं बरोबर भरतं. त्याला ते काही पटलं नाही. आठवड्यानं दोन्ही पोकळ वस्तू घेऊन स्वतःच शाळेत आला, वाळूची पिशवीही सोबत. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर तीनदा वाळू ओतली आणि वरून बोट फिरवलं. कण सांडला नाही की कमी पडला नाही. "खरं हाय की मास्तर," म्हणाला. त्या दिवसापासून मी सांगेन ती त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. आम्ही एका वयाचे, पण अखेरपर्यंत त्यानं मला कधी अरेतुरे केलं नाही. मी मात्र त्याला दत्तूच म्हणायचो. हा फरक तेव्हा कधी खटकला नाही... आता खटकतो.

सहा वर्षांपूर्वी त्याची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. शर्टाची बटणं शालनवहिनी लावून द्यायच्या. त्यानं पुष्कळ उपाय केले. कुणी सांगितलं म्हणून तेलं लावली, लेप लावले, गारगोटीच्या बाजूच्या एका वैद्याचा काढा सहा महिने प्यायला. पॅटर्न करणाऱ्या माणसाला बोटं नाहीत म्हणजे काय राहिलं? शेडला कुलूप लागलं. दारात खुर्ची टाकून तो नुसता बसून असायचा, आणि मी गेलो की हात मांडीखाली घालायचा. शेवटी प्रकाशनं पुण्याहून येऊन त्याला कोल्हापुरातल्या एका संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी सुरू केली. कॅन्सरसारख्या मोठ्या आजारात ती भरपूर देतात, संधिवाताला अगदी थोडी. पिवळ्या, बारक्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकदाच, एकाच दिवशी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. चार महिन्यांत त्याची मूठ वळली. पटाशी हातात धरून तो शेडमध्ये उभा राहिला तेव्हा वहिनी चुलीकडं तोंड करून रडल्या, आणि मीही काही कोरडा नव्हतो. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्यामागं लोक गोळीला नावं ठेवायला लागले आहेत. गोळी चांगली होती. तिनं त्याला हात परत दिले.

तिची एकच खोड होती. दत्तू रविवारी रात्री जेवल्यावर सहा गोळ्या घ्यायचा, कारण सोमवारी फौंड्र्या बंद आणि त्याची शेडही बंद. म्हणजे त्रास व्हायचा तो सुट्टीत व्हावा. आणि व्हायचा. सोमवारी दिवसभर मळमळ, डोकं जड, तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव. आता सोमवार म्हणजे आमचा दिवस. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी सासरी. आठवड्यात माणसाशी बोलणं व्हायचं ते सोमवारी. दत्तूच्या स्कूटरवरनं पन्हाळ्याला जायचं, तटाच्या कडेला बसून झुणका-भाकरी खायची, त्यानं फौंड्रीवाल्यांना शिव्या घालायच्या, मी सरकारला, आणि ऊन उतरलं की घरी. गोळी सुरू झाल्यावर हे हळूहळू बंद पडलं. तो यायचा, पण भाकरीला हात लावायचा नाही. पुढं पुढं येईनासाच झाला. मी तोंडावर म्हणायचो, तब्येत आधी रे बाबा. मनात चडफडायचो. खरं ते लिहायला बसलोय, तर हेही लिहायला हवं.

यंदा गणपती झाल्यावरच्या एका सोमवारी मीच हट्टानं त्याला बाहेर काढलं. घाटात अर्ध्यावर त्यानं स्कूटर बाजूला घेतली आणि कठड्याला धरून ओकला. मी पाठीवरून हात फिरवत होतो. चूळ भरून तो दगडावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, रंधा एकदम खोल लावला की लाकूड फाटतंय. पातळ पातळ सहा हात मारले तर तेवढंच उतरतंय, आणि लाकडाला बी कळत न्हाय. ह्या गोळ्यांचं तसं का करायचं न्हाय?"

मी विचार केला. विचार म्हणजे काय, गुणाकार केला. त्याला म्हणालो, सहा एके सहा आणि एक सक सहा. सोमवार ते शनिवार रोज एक घे, रविवार मोकळा ठेव, आठवड्याची बेरीज तीच. त्याचा चेहरा खुलला. कामगाराची अक्कल आणि मास्तराचं गणित एकमेकांना मिळालं होतं, आणखी काय पाहिजे? तरी त्यानं विचारलं, "डॉक्टरीणबाईस्नी एकदा इचारू काय?" मी म्हणालो, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना कशाला त्रास, दिवाळीनंतर रक्त तपासायला जाशील तेव्हा सांग. फोन करायला दोन मिनिटं लागली असती. पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर? मला नाही ऐकायचं नव्हतं. मला माझा सोमवार परत पाहिजे होता.

तो मिळाला. पुढचे तीन सोमवार आम्ही पन्हाळ्यावर होतो. मळमळ गेली. दत्तूनं दोन दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आमच्या मास्तरांनी दुरुस्ती केली. मीही मिशीत हसून ते मिरवत होतो. चौथ्या सोमवारी त्यानं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. तोंड आलंय म्हणाला. गालाच्या आत, जिभेवर पांढरे फोड होते. मी चेष्टा केली, तंबाखू सोड म्हणून कवापासनं सांगतोय. वहिनींनी जिरं-खडीसाखर दिली, तूप लावलं. आमच्याकडं तोंड आलं म्हणजे उष्णता, दुसरं कारण कुणाला सुचतच नाही. आणि तो? गोळी रोज, न चुकता, सकाळी चहानंतर. मापाचा माणूस, एक दिवस चुकवला असेल तर शपथ. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. दंडावर निळे डाग उठले. प्रकाश सुट्टीला घरी होता म्हणून तातडीनं दवाखान्यात नेलं, नाहीतर आम्ही आणखी दोन दिवस काढेच पाजले असते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन तिनं दत्तूला विचारलं की गोळी रोज घ्यायला कुणी सांगितलं. खाटेच्या एका बाजूला प्रकाश, एका बाजूला वहिनी, पायाशी मी. दत्तूचे ओठ फुटलेले, बोलताना रक्त यायचं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याच डोक्यानं," म्हणाला. मला वाटलं, आता मी बोलायचं. तोंड उघडलं की झालं. पण मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभा राहिलो... डॉक्टर प्रकाशला समजावून सांगत होती, तेही सगळं ऐकलं. ही गोळी शरीरातल्या भराभर वाढणाऱ्या पेशींना आवरते. आठवड्यातून एकदा दिली की चांगल्या पेशींना सावरायला मधले सहा दिवस मिळतात. रोज दिली, मग ती कितीही थोडी असो, तर सावरायला वेळच मिळत नाही. रक्त तयार होणं थांबतं. म्हणजे ते रिकामे दिवस हाही औषधाचाच भाग होता. इथं बेरीज चालत नाही, असंच ती म्हणाली, शब्द न शब्द. आणि म्हणाली, मळमळतंय म्हणून नुसतं कळवलं असतं तरी वार बदलता आला असता, त्याच एका दिवशी सकाळ-संध्याकाळ निम्म्या देता आल्या असत्या, इंजेक्शन होतं. इतके साधे उपाय होते. सातव्या दिवशी तो गेला, मी बँकेत अंगठा पुसत असताना.

तेराव्याला मांडवात पाहुणे बोलत होते. अडाणी नव्हता हो, पण आडमुठा. गावातलं एक म्हातारं म्हणालं, औषधात कुणी हुशारी करतं व्हय? प्रकाशनंही मान हलवली, बाबांनी कुणाचं कधी ऐकलंच नाही म्हणाला. मी पंगतीत बसलो होतो. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याला लोक बेफिकीर म्हणत होते. आणि कुणाचं ऐकत नाही म्हणत होते त्या माणसाला, जो माझं ऐकून मेला. मी मान खाली घालून आमटी-भात खाल्ला. पानात काही टाकलं नाही.

म्हणून हा लेख. पुरवणीच्या संपादकांनी एका चांगल्या कारागिराच्या आठवणी मागितल्या होत्या. हे असं काही त्यांना अपेक्षित नसणार, पण दुसरं काही लिहवेना. मात्र छापून आल्यावर वहिनींना दुसऱ्याकडून कळावं हे बरं नव्हतं, म्हणून आधी उचगावला गेलो. वहिनी सोप्यात शेंगा फोडत होत्या. इथवर लिहिलेलं सगळं मी वाचून दाखवलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घाटातनं आल्या आल्या सांगितलं त्यांनी. मास्तरांनी हिशेब जमवून दिला म्हनून लई खूश हुतं."

मग इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं असावं. त्यांनी शेंगदाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला सारली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं.

"डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिवलं हुतं, आठवड्यातनं एकदाच. मला वाचाय येत न्हाय, मास्तर. त्यास्नी येत हुतं. तुमास्नी बी येत हुतं."

त्यांनी रडून घेतलं असतं, हाकलून दिलं असतं तर ते मला सोपं गेलं असतं. मी कागद घडी करून उठलो, चपला शोधायला लागलो. तेवढ्यात त्यांनी आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या होत्या, रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या. आजवर दत्तू वाचून काढून द्यायचा. तो गेल्यापासून त्या अंदाजानं घेत होत्या, रंग बघून.

"शनवारी येत जावा," त्या म्हणाल्या. "कागदावर हाय तेवढंच वाचायचं. हिशेब करायचा न्हाय."

आता दर शनिवारी जातो. चष्मा लावतो, चिठ्ठी उजेडात धरतो आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचतो. सकाळी, उपाशीपोटी, एक. त्या माझ्यामागून म्हणतात, सकाळी, उपाशीपोटी, एक. मग मी पुढची ओळ वाचतो.