मांडवातली साक्ष

ऑलिव्ह तेलाच्या वासाने मला लोणी काळभोरचा तो मांडव आठवतो. आमच्या चर्चची मंडळी तिथे सुवार्तेला, म्हणजे येशूचा संदेश सांगायला गेली होती आणि मी तापाने फणफणले होते. पाळकांनी माझ्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली आणि ते म्हणाले, "बरी झालीस, आता साक्ष दे." अंग भाजत असताना मी माइकवर "प्रभूने मला बरं केलं" म्हणाले आणि मांडवामागे जाऊन तापाची गोळी तोंडात टाकली. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी लगबगीने आली. "पोरी, तुझं ऐकलं आन् शुगरच्या गोळ्या नाल्यात टाकून आले बघ!" मी हादरले. गोळी घशातच अडकली आणि तोंडातून निघालं ते "आमेन". मी राहते त्या कर्वेनगरहून लोणी तासाभरावर आहे. तिचं पुढे काय झालं, ते विचारायला मी अजून गेलेले नाही.