म्हशीच्या डोळ्यातलं एकटं घर

नाझियाने छापलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, सर म्हणतात फील येत नाही. तुम्ही बघा ना, काय चुकलंय."

कागदावर म्हैस होती. पोटापर्यंत पाण्यात, पाठीवर बगळा. सगळं चित्र बारीक चौकोनी घरांचं. आडवी चौसष्ट, उभी अठ्ठेचाळीस. मी मोजली. घरं मोजल्याशिवाय मला चित्र दिसत नाही.

"फील म्हंजे काय?" मी विचारलं.

"तेच कळत नाही. विचारलं तर म्हणतात, मजा नाही येत."

"मग परत इचारायचं."

"दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणतील, हिला काहीच समजत नाही. सोमवारी माझे ट्रायलचे तीन महिने संपतात, मावशी. हे चित्र पास झालं तर ठेवतील."

नाही झालं तर काय, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमचा गाळा तळवड्यात आहे. गाळा म्हणजे कारखान्याची एक खोली. शेजारी प्रेसचं वर्कशॉप, तिथे दिवसभर पत्र्यावर ठोके पडतात. खाली आम्ही सात बायका दोसुतीवर भरतकाम करतो. कंपन्या आपल्या पाहुण्यांना भेट द्यायला भिंतीवरच्या फ्रेमा करून घेतात, त्या आमच्या हातच्या. वरच्या मजल्यावर चार-पाच पोरं मोबाइलचे गेम बनवतात, सौरभ सर त्यांचे प्रमुख. नाझिया त्यांच्यात चित्रं काढते. तिच्या वडिलांचं देहू-आळंदी रस्त्यावर गॅरेज आहे. जेवायला ती आमच्याकडे खाली यायची, कारण वर सगळे कानात बोळे घालून जेवतात.

दोसुती म्हणजे जाड विणीचं कापड. त्यात सुताची घरं स्पष्ट दिसतात. एका घरात एक फुली घालायची. आधी ग्राफ पेपरवर नमुना काढायचा, मग घर मोजत टाका. नाझियाच्या कामाला पिक्सेल आर्ट म्हणतात. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचंच काम, फक्त सुई नाही. ती हसली होती. माझं ते बोलणं पुढे महागात पडलं.

माझं शिक्षण चौथी. गाळ्यातलं माझं काम तपासणीचं. चाळीस वर्षं घरं बघून माझ्या डोळ्यांना खोड लागली आहे. दुपारी ऊन खिडकीच्या धुरकट काचेतून आत येतं, प्रेसचे ठोके एका लयीत पडत राहतात, आणि मी फ्रेम हातभर लांब धरून डोळे अर्धे मिटते. आधी नुसत्या फुल्या दिसतात. मग त्या विरघळतात. तांबड्याचं गुलाबी होतं, हिरव्याला देठ फुटतो, आणि कापडातून फूल वर येतं, पाण्यातून वर आल्यासारखं. चुकीचा टाका असेल तर फूल तिथे अडखळतं. तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तर मला ऐकू येत नाही. आमच्या सात जणींतली सिंधू म्हणते, आक्का झोपल्या. मी झोपत नाही. पण जागीही नसते.

आमच्याकडे चूक तोंडाने सांगत नाहीत. जिथे नजर अडखळली तिथे मी लाल दोऱ्याची एक सैल खूण घालते आणि गप्प बसते. काय बिघडलं ते जिचं काम तिनेच सांगायचं. तिला सापडलं तर ती ते पुन्हा करत नाही. मी सांगितलं तर पुन्हा करते. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे.

मी नाझियाचा कागद लांब धरला. म्हैस वर आली, पण सात ठिकाणी अडखळली. सात ठिकाणी सुई टोचून लाल दोरा घातला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने पद्धत पाहिलेली होती. बोट ठेवून सांगू लागली.

"शिंग आणि मागचं झाड एकाच रंगाचं झालंय. शिंग कळत नाही."

"हं."

"पाठीची कड पायऱ्यांसारखी दिसते. एक घर, मग तीन, मग परत एक. एक, दोन, तीन असं पाहिजे."

"हं."

"बगळ्याचा पाय पाण्यात गेलाय. पाठीवर उभा आहे तो."

सिंधू टाका घालता घालता म्हणाली, "बगळा पोहायला उतरला असंल." बायका हसल्या. नाझियाही हसली. असे सहा दोरे झाले. सातवा म्हशीच्या डोळ्यात होता. काळ्या घरांत एकच पांढरं घर.

ती थांबली. "हे मला हवंय, मावशी."

"एकटं हाय ते."

"हो, पण..."

"एकटा टाका आमी ठिवत न्हाई. काढ."

एका घरासाठी पांढरा दोरा घ्यायचा तर मागे गाठ मारावी लागते किंवा दोरा लांबवरून ओढून आणावा लागतो. गाठ पुढून फुगते. धुतलं की टाका सुटतो. म्हणून आमच्याकडे एकटा टाका म्हणजे चूक. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही. नाझियाने वाद घातला नाही. मी तिच्या आजीच्या वयाची आहे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. डबा उघडला नाही.

"काय म्हणाले?" सिंधूने विचारलं.

"पहिलं बरं होतं म्हणाले. आता म्हैस मेल्यासारखी वाटते."

"कुठं मेली ते सांगितलं का?" मी म्हणाले.

"नाही. सोमवारी शेवटचं बघणार."

मी तिचा मोबाइल मागितला. तोवर मी कागदच पाहिला होता. मोबाइलवर ते चित्र हलत होतं. पाण्याच्या रेघा एकेक घर पुढे सरकत होत्या, बगळा मान वळवत होता. शिंग स्वच्छ दिसत होतं, पाठ गोल झाली होती. सगळं नीट होतं, आणि मधोमध एक फुगलेलं जनावर पाण्यात पडलं होतं. सौरभ सरांचं बोलणं खोटं नव्हतं.

नाझियाने नवा कागद टेबलावर पसरला. माझ्या दोऱ्यांच्या डब्यातून सुई घेतली, लाल दोरा घेतला. म्हशीच्या डोळ्यात एक खूण घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

गाळ्यातल्या सगळ्या सुया थांबल्या. चाळीस वर्षांत माझ्यापुढे कुणी दोरा घातला नव्हता.

सिंधू म्हणाली, "बोला की आक्का. पद्धत हाय."

मला राग आला होता, ते लिहायला हरकत नाही. पोरीने नोकरीसाठी येऊन मला शिकवावं, असं मनात आलं. पण पद्धत माझीच होती. मी कागद लांब धरला, डोळे अर्धे मिटले. म्हैस आली. डोळ्यापाशी आली आणि तिथे नुसतं भोक राहिलं.

"हितलं घर म्या काढाय लावलं," मी म्हणाले.

माझं अजून संपलं नव्हतं, हे नाझियाला कळत होतं.

"कापडाला पाठ असते. मागं दोरा वागवावा लागतो. तुझ्या चित्राला पाठच न्हाई. तिथं एकटं घर राहू शकतं. म्या मोबाइलात बघितलंच न्हाई, कागदावर बघून बोलले. आन तू हवंय म्हणत होतीस ते ऐकलं न्हाई."

"व्हय," सिंधू म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी नाझियाला म्हटलं, "ते घर कशासाठी होतं, ते तरी सांग."

"मी सकाळी गाडीवरून इंद्रायणीच्या पुलावरून येते. म्हशी पाण्यात बसलेल्या असतात. धुक्यात बाकी काही दिसत नाही, फक्त डोळ्यात पाणी चमकतं. त्यावरून कळतं की म्हैस आहे, दगड नाही."

एवढं तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तिने तिथेच बसून लॅपटॉप उघडला. पांढरं घर परत घातलं. मग थोडा वेळ बघत बसली आणि आणखी एक गोष्ट केली. म्हशीची पापणी सावकाश खाली येते, तेव्हा ते घर विझतं. पापणी उघडली की पुन्हा पेटतं. बाकी पाणी, धुकं, बगळा, सगळं तसंच. आम्ही सात जणी तिच्यामागे उभ्या राहिलो. पापणी मिटली. शेजारी प्रेसचा ठोका पडला. पापणी उघडली. पुन्हा मिटली. किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. माझे पाय पोटरीपर्यंत गार पडल्यासारखे वाटले. लहानपणी चिखलीहून नदीला जायचो, तेव्हाचं पाणी तसं गार असायचं. चहा आला तो तसाच निवला.

सोमवारी मी तिच्याबरोबर वर गेले. तिने बोलावलं नव्हतं. एक चूक माझी होती, ती तिच्या नावावर राहू नये म्हणून गेले.

सौरभ सर तिशीतला माणूस. त्याने स्क्रीनवर म्हैस पाहिली. खुर्ची पुढे ओढली.

"आता बरं वाटतंय," तो म्हणाला. "पण अजून थोडं... काहीतरी..."

"कुठलं घर?" मी विचारलं.

"काय, काकू?"

"बोट ठिवून दाखवा. ही पोरगी तीन महिनं तुमच्या काहीतरीच्या मागं फिरतीय. शुक्रवारचा बिघाड माझा व्हता, डोळ्यातलं घर म्या काढाय लावलं. आता तुमचं तुमी सांगा."

मागे कुणीतरी खाकरलं. नाझियाने मान खाली घातली. मला वाटलं, मीच हिची नोकरी घालवली.

सौरभ सर रागावला नाही. खरंच शोधू लागला. बोट स्क्रीनवरून फिरवत राहिला. पाण्यावर थांबला, पुढे गेला, परत आला.

"हे," तो म्हणाला. "पापणी मिटते त्याच वेळी बगळा मान वळवतो. दोन्ही एकदम होतं, त्यामुळे एकच दिसतं. बगळा थोडा उशिरा वळला तर?"

"हो," नाझिया लगेच म्हणाली. "बरोबर आहे, सर. आधी डोळा, मग बगळा."

"मला हे आधीच सांगता आलं असतं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही. मग म्हणाला, "हे झालं की गेममधला पूल काढायला घे. पुढच्या आठवड्यात सगळी नदी तुझ्याकडे."

ती जिन्यात मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बोललात तेव्हा माझा जीव गेला होता."

"माझा बी," मी म्हटलं.

नाझिया आता तिथे कायम आहे. कापडात एकटा टाका आजही चूकच आहे आणि मी तो ठेवू देत नाही. पण दोरा घालण्याआधी आता विचारते, हे तू मुद्दाम केलंस का. बहुतेक जणी नाही म्हणतात. एखादी हो म्हणते, मग तिचं ऐकते. याआधी न विचारता मी किती जणींचं काय काय उसवायला लावलं, ते मला आठवत नाही. त्यांना आठवत असेल.