अर्थिंगला पाणी

मागच्या महिन्यातली एक दुपार... जेवणं झाली होती आणि बेंबळीतलं आमचं घर गपगार होतं. मला डुलकी लागत होती आणि हॉलमध्ये मामांचा पखवाज वाजत होता.

मामा म्हणजे माझे सासरे. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांना जाऊन वर्ष उलटलं, मागं उरलं ते मोबाईलवर कुणीतरी केलेलं एक रेकॉर्डिंग. ते नीट ऐकू यावं म्हणून दिवाळीत आम्ही होम थिएटर घेतलं, आणि तेव्हापासून सासूबाई, आमच्या आत्या, रोज दुपारी त्याच्यासमोर बसायला लागल्या.

डोळे मिटलेले आणि हात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्यावर. ऊन सरकत सरकत त्यांच्या पदरावर यायचं आणि मला वाटायचं, घर हळूच कुठंतरी तरंगत चाललंय... खरं सांगते, मला ते बघायला फार आवडायचं.

त्या दिवशी अर्धवट झोपेतच मी विचारलं, "आत्या, त्याच्यावर हात का ठेवता हो?"

"मुंग्या येतेत गं. त्यांनी हात धरल्यावानी वाटतं."

माझी झोप खाडकन उडाली. आधी त्यांना हात काढायला लावला, मग पायात चप्पल घालून डब्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला... आत्या अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. मी बोर्डाचं बटण बंद करून टाकलं.

संध्याकाळी वायरमन आला. प्लग थ्री-पिनचा होता, पण आमच्या ह्यांनी मध्ये टू-पिनचं कन्व्हर्टर घालून भागवलं होतं, त्यामुळं गळका करंट जमिनीत नेणारं अर्थिंग मिळतच नव्हतं. शिवाय परसातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. त्यानं खड्ड्यात कोळसा-मीठ भरलं, थ्री-पिनचा बोर्ड बसवला आणि करंट गळाला की लाईट आपोआप बंद करणारा स्विचही लावला.

"ताई, खड्ड्याला पाणी घालत जावा, ओल असली तरच करंट जमिनीत उतरतो," एवढं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पखवाज लागला. आत्यांनी डब्यावर हात ठेवला... बराच वेळ ठेवला. मग काढून मांडीवर घेतला.

"गेल्या मुंग्या."

मला रडूच आलं. त्यांचा जीव वाचवला की त्यांच्याकडून काही काढून घेतलं, कळेना.

"करंट हाय, म्हाईत व्हतं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

मी त्यांचा हात धरला आणि खाली ठेवलेल्या, खर्जाचा आवाज काढणाऱ्या सबवूफरच्या लाकडी खोक्यावर टेकवला. आतून मामांची थाप आली आणि तळहातावर पडली. पुन्हा एक... पुन्हा एक.

आत्यांनी डोळे मिटले.

"ह्यो डावा हात हाय त्यांचा, घुमाऱ्याचा."

आता रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की आत्या परसात जातात आणि तांब्यात उरलेलं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. मी आठवण करून द्यायची वेळच येत नाही. काल मी नुसती दारात उभी होते, तर माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कोरडं पडू द्यायचं न्हाय."

तांब्याभर पाण्यात घर सुखरूप राहतं, आणि मामा रोज दुपारी येऊन जातात... आणखी काय पाहिजे.