लाल ठिपक्याचा चेंडू

आज नातीने लाल नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या वासासरशी देवळाली कॅम्पचं गोल्फचं मैदान आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. ऐंशी सालाच्या आसपास मी आणि माझे यजमान त्यांच्या मोठ्या साहेबांबरोबर तिथे खेळायचो, आणि ओळखू यावा म्हणून मी माझ्या चेंडूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. "वहिनी, इतका उंच मारू नका, वारा पळवतो; माझा बघा, जमिनीलगत कसा लांब धावतो," असं साहेब कायम ऐकवायचे. त्या सकाळी पानही हलत नव्हतं. माझा चेंडू बाभळीवरून उंच गेला, खळगीतल्या झेंड्याजवळ अलगद उतरला आणि उतरला तिथेच थांबला. साहेबांचा धावत धावत पार घाणेरीच्या झुडपात घुसला. तर हे लगबगीने पुढे गेले, झेंड्याजवळचा चेंडू उचलून ठिपक्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "सर, तुमचाच!" "अहो, माझा आहे तो, ठिपका बघा की!" मी ओरडले, पण अंगठा हलला नाही. वर साहेब मलाच हसले, "म्हटलं नव्हतं वहिनी, वारा पळवतो?" आताही हे नातीला सांगत होते, "तुझी आजी फार उंच मारायची, चेंडू वाऱ्यावर जायचा." मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि यांच्या अंगठ्यावर ठसठशीत लाल ठिपका काढला.