गुणाजीची पावलं

टीव्हीवर बर्फाच्या तुकड्यावर बसलेलं हडकुळं पांढरं अस्वल दिसलं की देवबागचा गुणाजी हसायचा. तिकडचा बर्फ वितळतोय, दर्या चढतोय, असं त्याची मुलगी अक्षदा सांगे. ती दर्यापासून लांब, कट्टा गावातल्या शाळेत शिकवायची.

"एक अस्वल बारीक दिसला म्हणान काय झाला गो? बंदरावरचो कुत्रो पण बारीक आसा. मासळी संपली काय?"

चाळीस वर्षं किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढलेल्या माणसाला एका दिवसाच्या मासळीवरून दर्या जोखणं मान्य नव्हतं. त्याचं स्वतःचं माप होतं. नारळी पौर्णिमेला, भर भरतीच्या वेळी, दर्याला नारळ द्यायला जाताना तो घराच्या पायरीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजी. १९९८ साली एकशे चाळीस भरली होती. तेव्हा त्याची बायको कृष्णाबाई नारळ घेऊन पुढे असायची, मागून बापलेक. अक्षदा बापासारखीच लांब टांगांची, दोघांची मोजणी हटकून जुळायची. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि पौर्णिमेला माहेरी येणं राहूनच गेलं. कृष्णाबाईला जाऊनही आता चार वर्षं झाली होती. गुणाजी अजून दोन नारळ नेई.

एकटे राहू नका, कट्ट्याला चला, म्हणून अक्षदा दर सुट्टीत मागे लागे. मोठ्या भरतीच्या रात्री तिकडे तिचा डोळा लागत नसे. शेवटी तो म्हणाला होता, धा पावलं कमी भरली तर येईन.

२००८च्या पौर्णिमेला ती मुद्दाम आली. दोघं पायरीवरून निघाली. तो वाळूत जपून, पाऊल चाचपत चालला होता. तिला सारखं थांबावं लागत होतं. लहानपणी तिलाच धावावं लागे.

पाण्यापाशी तो समाधानाने म्हणाला, "एकशे सदतीस. बघ. तुझी?"

तिच्या ओठांवर खोटं आलं होतं. तिने ते गिळलं.

"अठ्ठ्याण्णव."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून वाळूतल्या पावलांच्या दोन ओळींकडे. एक दाट, एक विरळ.

"माझी पावलां ल्हान झाली," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "अस्वलाचा माका अजून पटणा नाय. पण दर्या चढलो, ह्या खरा."

त्याने एक नारळ पाण्यात सोडला. दुसरा हातातच राहिला.

"कट्ट्यात दर्याचो आवाज येता गो?"

"नाय, बाबा."

त्याने मान डोलावली, आणि कृष्णाबाईचा नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला.