वर्गात काढलेला गळा

शहापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला मानसशास्त्र शिकवते. भावनांचा धडा माझा लाडका. आधी दुःख होतं आणि मग रडू येतं, की आधी रडू येतं आणि त्यातून दुःख उमटतं, असा त्यात एक जुना वाद आहे. मुलांना तो पटकन कळावा म्हणून मी आमच्याकडच्या दुखवट्याचं उदाहरण द्यायचे. मुरबाडकडच्या आमच्या गावात सांत्वनाला आलेली बाई रस्त्याच्या वळणापासूनच गळा काढते. घरातली बाई बाहेर येऊन तिच्या गळ्यात पडते, दोघींचा सूर लागतो. मग तोंडावर पाणी मारून होतं, चहा येतो आणि बोलणं भाताच्या रोपांवर जातं. "आता सांगा, हे दुःख की नुसता रिवाज? पुरावा काय?" असं विचारून मी टेबलाला टेकून ते रडणं करून दाखवायचे. "आये गो, कुठं गेलीस गो..." हेल अगदी बरोबर लागायचा आणि वर्ग पोट धरून हसायचा. पोरांना चिकित्सक विचार करायला शिकवल्याचं जे समाधान त्या तासाला मिळायचं, ते दुसऱ्या कुठल्या तासाला नाही.

गेल्या वर्षी त्या वर्गात दुसऱ्या बाकावर माझी भाची होती, मोठ्या बहिणीची मुलगी. तीही हसली. घरी जाऊन ती आईला सांगेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं डोकं शिकवण्यापुरतं, वापरायला थोडंच.

भाताची लावणी उरकली आणि आई गेली. वाशिंदच्या माझ्या घरून मी गावी पोचले तेव्हा अंगण भरलेलं. ताईला गावातच दिलेली, त्यामुळे आईचं सगळं तिनेच केलं होतं. मी वळणावर दिसल्याबरोबर बायका बोलायच्या थांबल्या. आता ही गळा काढणार, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला आवाजच फुटेना. ताई धावत येऊन गळ्यात पडली. तिचं सगळं अंग गदगदत होतं आणि मी मांडवाच्या मेढीसारखी उभी. एवढं असतं तरी ठीक होतं. पण माझं मन तेव्हाही टिपणं काढत होतं, कोण खरं रडतंय, कोण उगाच. ताईने मिठी सोडली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. "शिकलेल्यांना नाय येत तसं," मागून कुणीतरी म्हणालं.

मला येत नव्हतं हे खरंच. दहाव्यालाही आलं नाही. आईने मला परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून भाकरी करून घातली होती, तिच्यावर माझा जीव होता. पण हे आता कुणाला सांगू? पुरावा काय?

बाराव्याला ताई चुलीपाशी वरण ढवळत होती. मी जवळ बसले आणि तिला समजावायला लागले, की असा धक्का बसला की माणसाच्या भावना गोठतात, त्याचा अर्थ प्रेम नव्हतं असा होत नाही. मी बोलत होते ते सगळं धड्यातलंच होतं. खोटं नव्हतं, तरी माझ्या तोंडी खोटं वाटत होतं.

"वर्गात तर बरं येतं गो तुला," ताई म्हणाली. मान वर केली नाही.

भाची पत्रावळी मांडत होती, ती उठून बाहेर गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ताईला माहीत होतं. आई गेली त्या दिवशी माझ्या गळ्यात पडली तेव्हाही माहीत होतं, तरी ती धावत आली होती.

त्यानंतर फोन केला की भाचीच उचलायची, "आई शेतावर गेलीय" म्हणायची. आई गेल्यावर माहेर म्हणजे ताईच. तिने दार लावलं असतं तर मला त्या गावात पाणी मागायला घर उरलं नसतं.

आईला जाऊन महिना भरला त्या दिवशी स्कूटर काढून किन्हवलीमार्गे ताईकडे निघाले. या वेळी रडायचंच, असं ठरवलं होतं. वाटेत हेल्मेटच्या आत दोनदा प्रयत्नही केला आणि स्वतःचीच शिसारी आली. वळणावर स्कूटर लावली, चार पावलं चालले आणि तोंड उघडलं.

"आये गो, कुठं गेलीस गो..."

आवाज निघाला तो वर्गातलाच. तोच हेल, तीच लकब, फक्त टेबल नव्हतं. कानांच्या पाळ्या तापल्या. थांबावं तर मध्येच गप्प झालेली बाई लोकांना दिसणार, चालू ठेवावं तर नाटक. मी चालू ठेवलं. दारादारांतून बायका बाहेर आल्या, कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला.

ताई ओटीवर येऊन उभी राहिली. तिने ऐकलं आणि ओळखलं. बहिणीचा आवाज बहिणीला कळणार नाही तर कुणाला? आता ही सगळ्यांसमोर मला परत पाठवणार, असं वाटलं.

ती खाली उतरली. माझं डोकं तिने आपल्या खांद्यावर दाबलं आणि इतका मोठा गळा काढला, की माझा आवाज त्याच्याखाली बुडून गेला. मी गप्प झाले तरी कुणाला कळलं नसतं. ती माझ्या वाटचंही रडत होती.

मग तिने मला ओटीवर बसवलं. "पानी पी. घसा बसंल, सवय नाय तुला," एवढंच म्हणाली. शेजारच्या बायका जवळ आल्या तसं तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि त्यांच्यादेखत माझे डोळे पुसले. डोळे कोरडे होते. तरी तिने दोन्ही पुसले.