पहिली खुडणी

घरात आली की ती आधी बसायची नाही. चपला दाराबाहेर काढून सरळ तुळशीपाशी जायची, मातीत तर्जनी अर्धी खुपसायची, बोट नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची. "उपाशी आहे." नाहीतर, "पाणी पाजून पाजून मारताय हिला." मग, "काय, बरे आहात ना सगळे?" माणसांचा नंबर मातीनंतर. माझ्या लग्नाच्या हॉलमध्येही तिने स्टेजवरच्या कुंडीत बोट घातलं होतं. अल्बममध्ये फोटो आहे. त्यात मी आणि बायको जरा हललोय, बोट मात्र स्पष्ट आहे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं नाव पटकन आठवत नाही पण सवय सगळ्यांना आठवते. आमची ती मावशी. लालबागला आमची चाळ पुढे, तिची मागे. मध्ये गटार आणि गटारावर एक फरशी. पुढे भगवे झेंडे, मागे निळे. आम्ही कोकणातले, मागे सगळी बौद्ध कुटुंबं. दोन्हीकडचे आजोबा मात्र एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठलेले. त्या फरशीवरून वर्गणीची पावती जायची, क्रिकेटचा चेंडू जायचा, शिव्याही जायच्या. ताट जात नसे. का, ते कुणी विचारायचं नाही. आम्ही पडलो सुधारलेली माणसं.

परळच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून मावशी रिटायर झाली आणि आमच्या जिन्यावर हजर झाली. त्यांच्या चाळीवर पत्रे होते, आमच्यावर गच्ची.

"तुमची गच्ची नुसती ऊन खात बसलीय," ती म्हणाली. "तिला भाजी करायला लावू."

सेक्रेटरी म्हणाले, "गळेल." खजिनदार म्हणाले, "वजन." माझी आई खरं ते बोलली, पण दारामागून: "आता मागच्या बायका रोज वर-खाली करतल्यो?"

मावशीने दारामागचं ऐकलं आणि उत्तर सेक्रेटरींना दिलं. "गणपतीत तुमच्याकडे एवढे नारळ फुटतात, त्यांची काथ्याची सोडणं कुठे जातात?" कचऱ्यात जायची. ती म्हणाली, ती मला द्या. रंगाच्या रिकाम्या ड्रमांत तळाला नारळाची सोडणं, वर दोन्ही चाळींतल्या घराघरांतली सालं आणि देठं, आणि मूठमूठ माती. वजन कमी आणि सगळं फुकट. कमिटीला फुकट हा शब्द पटला.

पण तिचा खरा डोकेबाजपणा पुढेच होता. तिने एकच नियम घातला: ज्याने पाणी घातलं, त्याने पहिली खुडणी खायची नाही, ती समोरच्या दाराला द्यायची. आणि समोरचं दार म्हणजे फरशीपलीकडचं.

माझ्याकडे वांगी आली. मी नेमाने पाणी घातलं, खत घातलं, त्यांच्याशी बोललोसुद्धा. पहिली परडी घेऊन मागच्या चाळीत गेलो, तर तिथली एक आजी म्हणाली, "वा! मिरच्या झकास आल्यात रे."

आमच्या घरी पलीकडून अळू आला. आईने फतफतं केलं आणि घरातल्या सगळ्यांचे घसे खाजून लाल झाले. दुसऱ्या दिवशी मावशी अळू शिजवूनच घेऊन आली. झाकणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि गेली. आई त्या डब्याकडे किती वेळ बघत उभी होती. मग तिने झाकण उघडलं आणि आधी स्वतःला वाढून घेतलं.

संध्याकाळी गॅलरीतून तिने डबा परत केला. "चिंच कमी घाल गो बाय. आंबाट झालां."

"मग डबा चाटूनपुसून कसा काय आला?"

"अंदाज घेवक!"

त्यानंतर आमच्याकडची सोलकढी, बांगड्याची कढी पलीकडे जाऊ लागली. पुढे पुढे रविवारी गच्चीवर एकच पातेलं चढायचं आणि दोन्ही चाळी एका पंगतीला बसायच्या. वाढायला मावशी आणि माझी आई. दोघी अखंड भांडायच्या, मिठावरून.

मग आमचं भलं झालं. दोन्ही चाळी पाडून टॉवर व्हायचा ठरला. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. ज्याच्याकडे सायकल नव्हती त्यानेही पार्किंगचं विचारून घेतलं. मावशी उठली. "आणि गच्ची?"

"ताई, टेरेस कॉमनच असतं," तो हसून म्हणाला. तिने हे वाक्य जपून ठेवलं.

टॉवर होईपर्यंत आम्ही शीवला भाड्याने राहिलो, ती जवळच्याच संक्रमण शिबिरात. सगळे ड्रम सोडून तिने एक बरोबर नेला आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवला. "माती म्हणजे विरजण रे. चमचाभर राहिलं तरी पुढचं लागतं. मोडू द्यायचं नाही." म्हणून दर रविवारी मी आमच्या घरची सालं स्कूटरला अडकवून तिच्याकडे जायचो. शीवच्या सिग्नलला बटाट्याची सालं घेऊन ऐटीत उभा राहणारा मीच एकटा असेन. शेजारीण वासाबद्दल कुरकुरायची. मावशी म्हणायची, "चार वर्षं कळ काढ, मग पहिला मुळा तुला."

टॉवर झाला. पुढची विंग आमची, मागची त्यांची. फरशी गेली, तिथे भिंत आली. गेट वेगळं, लिफ्ट वेगळी. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीन आणि कुलूप. आगीचा नियम आहे म्हणे. किल्ली कुणाकडे, ते आजतागायत कळलेलं नाही. मावशी दोन्ही विंगच्या कमिट्यांना विचारून आली. दोन्हीकडे "बघू." ती मला म्हणाली, "गळेल म्हणत होते ते बरे होते. त्यांच्याशी भांडता तरी येत होतं."

ड्रम तिच्या किचनमागच्या बाल्कनीत राहिला. सालं मागायला जावं तर कुणाचं दार उघडं नाही.

एकदा आमचा इंटरकॉम वाजला. "सर, नीचे एक बाई खड़ी है. काम के लिए आई है क्या?"

मी धावत खाली गेलो. वॉचमनचं बोलणं मावशीने ऐकलं होतं. लॉबीतल्या पामच्या मोठ्या कुंडीत तिने बोट खुपसलं होतं. बाहेर काढलं, तर बोट जसंच्या तसं कोरडं, स्वच्छ. तरी सवयीने तिने ते पदराला पुसलं.

"वर गोटे आहेत. खाली थर्माकोल."

"चल ना वर. आई वाट बघतेय."

"नको. आईला सांग, येऊन गेली." ती गेटकडे वळली, मग थांबली. "चाळीत तिने मला जिन्यावरून हटकलं असतं ना, तरी नावाने हटकलं असतं."

ती परत आली नाही. आम्हीच जायचो अधूनमधून, त्यांच्या रजिस्टरात नाव लिहून. मागच्या थंडीत ती गेली. तिच्या मुलाने फ्लॅट भाड्याने द्यायला काढला आणि मला फोन केला, "दादा, ड्रम घेता का? नाहीतर टाकून देतो."

मी तो आणला. मेथी पेरली. मेथी आली, पिवळट, काडीसारखी, पण आली. मी तिचं फार कौतुक केलं; वांग्यांच्या मानाने प्रगतीच होती.

आई हल्ली बरंच विसरते. जुडी बघून म्हणाली, "खाव नको. पयली खुडणी बायच्या दारात दी."

"आई, मावशी..." म्हणालो आणि चपला घातल्या. तिला ते मागेही सांगून झालं होतं. दर वेळी ती नव्याने रडते. जुडी घेऊन मी खाली उतरलो, भिंतीला वळसा घालून मागच्या गेटवर गेलो आणि मावशीच्या फ्लॅटचा नंबर सांगितला; आता तिथे भाडेकरू होते. वॉचमनने जुडी हातात घेऊन उलटीपालटी केली, तिच्यावर नंबराची चिकटपट्टी लावली, पार्सलांच्या टेबलावर ठेवली आणि वर फोन लावला. पलीकडचं ऐकून घेतलं. मग हात फोनवर धरून मला म्हणाला,

"साहब, वो बोल रहे हैं, हमने तो कुछ मंगवाया नहीं."